गाण्याचा अर्थ कोण लावणार?

गेल्या जयंतीची गोष्ट. १४ एप्रिलची रात्र होती. यवतमाळच्या पाटीपुऱ्याकडून निघालेली मिरवणूक रेंगाळत पुढे सरकत होती. निळे झेंडे, निळीची उधळण, ट्रकवर रचलेल्या डीजेच्या भिंती आणि त्यापुढे नाचणारी शेकडो पोरे. गाणे वामनदादांचे होते. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे एकेक करून घेत, तुमच्या या साठ्यात आमचा हिस्सा नेमका कुठे ठेवला आहे, असा रोखठोक जाब विचारणारे ते गाणे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण त्या रात्री शब्द ऐकू येत नव्हते. नुसता ठोका छातीवर आदळत होता.

घाम पुसायला बाजूला आलेल्या एका पोराला मी विचारले, "बाळा, हे गाणं काय म्हणते रे?" तो हसला. म्हणाला, "काका, बीट आयका ना, कडक हाय!" आणि पुन्हा गर्दीत शिरला.

तिथेच एका घराच्या ओट्यावर सत्तरीची एक माय बसली होती. तिचे ओठ हलत होते. डीजेने गिळलेला शब्दन्‌शब्द ती मनाशी म्हणत होती. मी जवळ जाऊन विचारले, "माय, समजते का गाणं?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच अडाणी. म्हणाली, "काहून नाही समजत? हिस्सा मांगून राह्यला ना वामनदादा! जलमभर लोकायच्या वावरात कापूस येचला आमी. कोन्या सेठानं हिस्सा देल्ला? अन् हे पोट्टे पाहा, नाचून राह्यले."

वाचकहो, त्या मायने दोन वाक्यांत जे केले त्याला विद्यापीठात समीक्षा म्हणतात. गाणे कुणाचे, ते कुणाला उद्देशून आहे आणि माझ्या जगण्याशी त्याचा संबंध काय, हे तिने सांगून टाकले. तिला ते कुणी शिकवले नव्हते. आपल्या पोरांना मात्र ते आपण शिकवलेले नाही, आणि याचे जे परिणाम आज समोर येत आहेत त्याविषयी चळवळीने अंतर्मुख होऊन विचार करण्याची वेळ आली आहे.

हल्ली शहरातली तरुण मंडळी 'इंडी' संगीत हा शब्द वापरतात. सिनेमाच्या आणि बड्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, स्वतः लिहिलेले, स्वतः गायिलेले, स्वतःच लोकांपर्यंत नेलेले गाणे म्हणजे इंडी. हा शब्द नवा असेल, पण ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. सत्यशोधक जलसे कुणा कंपनीने काढले नव्हते. बाबासाहेबांच्या हयातीत नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरले, ते कुणा निर्मात्याच्या पैशावर फिरले नाहीत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरओळख शिकले आणि १५ मे २००४ रोजी जगाचा निरोप घेईपर्यंत लिहीत आणि गात राहिले. त्यांच्यामागे कोणता स्टुडिओ होता? मिळेल त्या गाडीने गावात यायचे, वस्तीत कुणाच्या तरी घरी भाकर खायची आणि रात्री गॅसबत्तीच्या उजेडात गायचे. नागोराव पाटणकरांच्या कव्वाल्या विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत रात्र रात्र रंगल्या. पुढे कॅसेट आल्या. दीक्षाभूमीच्या दुकानांतून, जयंतीच्या पथाऱ्यांवरून पातळ कागदाच्या गाण्यांच्या पुस्तिका खपल्या. आता मोबाईल आहे. वणी, आर्णी, दिग्रसकडची पोरेसुद्धा मोबाईलवर गाणे मुद्रित करतात आणि दुसऱ्या दिवशी ते गावभर वाजते. शेजारच्या अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून जातीवर थेट बोलतो, आणि त्याला ऐकणारी पोरे आपल्याच वस्तीतली आहेत.

म्हणजे आपले गाणे पहिल्यापासून स्वतंत्र आहे. पण या स्वातंत्र्याची एक किंमत असते. सिनेमाच्या गाण्यामागे सगळी यंत्रणा उभी असते. त्याचे शब्द छापले जातात, त्याच्या कवीच्या मुलाखती होतात, रेडिओवर त्याचे रसग्रहण होते, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्याच्या आठवणी येतात. आपल्या गाण्यामागे असे कुणी नसते. त्याचा अर्थ सांभाळण्याची जबाबदारी फक्त ऐकणाऱ्या समाजावर असते. समाजाने ती टाकली, की ते गाणे अनाथ होते आणि अनाथाच्या दारात वाटेल तो पालक म्हणून उभा राहतो.

यवतमाळकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९७३ साली याच यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. गदिमा हे सिनेमाचे गीतकार. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या त्यांच्या गीतरामायणाने मराठी घराघरांत स्थान मिळवले होते. गाणी लिहिणारा माणूस साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला याचा आनंदच मानला पाहिजे. गाणे हे साहित्य आहे, हे मराठी साहित्यविश्वाने त्या दिवशी यवतमाळात मान्य केले. पण मग प्रश्न असा येतो, की त्याच काळात ज्यांची गाणी विदर्भाच्या प्रत्येक बुद्धविहारासमोर गायिली जात होती त्या वामनदादांचे काय? अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. रामाच्या गाण्याला रसग्रहण आणि भीमाच्या गाण्याला नुसता 'प्रचार' हा शिक्का, ही वाटणी कुणी केली?

त्यानंतर ४६ वर्षांनी, ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात, संमेलन पुन्हा यवतमाळात आले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्‌घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले गेले आणि संमेलनाच्या तोंडावर त्यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले. भाषण व्हायचे होते, एक शब्दही व्यासपीठावरून उच्चारला गेला नव्हता, तरी त्या शब्दांची भीती आधीच बसली होती. शेवटी उद्‌घाटन केले ते याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी, पतीच्या आत्महत्येनंतर संसाराचा गाडा ओढणाऱ्या एका शेतकरी स्त्रीने. या जिल्ह्याचे दुःख ज्या बाईने भोगले ती तिथे बोलली आणि महाराष्ट्राने ऐकले. शब्दाचा अर्थ त्यामागच्या जगण्यातून येतो, हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झाले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपण आपल्या गाण्याचा अर्थ लावला नाही तर कोण लावतो? उत्तर सरळ आहे. पोलीस लावतात.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळवला. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे आपले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. चित्रपटातील गाणी संभाजी भगत यांची. कथा काय आहे? गटारात उतरलेला एक सफाई कामगार मरतो. पोलीस म्हणतात की ती आत्महत्या आहे आणि वस्तीत शाहिराने गायिलेल्या गाण्यामुळे ती घडली. सरकारी पक्ष गाण्याचा शब्दशः अर्थ काढतो. कामगाराला सुरक्षेची साधने का मिळाली नव्हती हा प्रश्न बाजूला राहतो आणि खटला चालतो तो गाण्यावर. ही काल्पनिक कथा आहे, असे म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते.

पण वास्तव काय सांगते? 'विद्रोही' मासिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याचे साहित्य संमेलन आटोपून परतताना अटक झाली. चाळीस महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. जानेवारी २०१८ मध्ये जी फिर्याद दाखल झाली तिच्यात शहर आणि बंडाविषयीच्या काही काव्यमय ओळी चिथावणीखोर म्हणून दाखवण्यात आल्या. त्या ओळींचे मूळ कुठले? जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या 'द गुड पर्सन ऑफ सेझुआन' या नाटकातले. हे नाटक १९४३ साली झुरिकच्या रंगमंचावर आले. अन्याय होत असताना गप्प बसलेल्या शहराविषयीची ती एका पात्राची तळमळ आहे. जगभर रंगमंचावर आलेल्या नाटकातील पात्राचे बोलणे पुण्यात फिर्यादीचा मजकूर झाले! ढवळे यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. साडेसहा वर्षे. त्या खटल्यात इतरही अनेक आरोप आहेत आणि त्यांचा निर्णय न्यायालय करील. पण नाटकातल्या ओळी ज्या पद्धतीने वाचल्या गेल्या ती पद्धत आपण ओळखून ठेवली पाहिजे.

दुसरे उदाहरण तरुण पोरांचे. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा रॅपर राज मुंगासे याच्यावर एका गाण्यासाठी अंबरनाथ येथे गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईचा रॅपर उमेश खाडे हाही पोलीस कारवाईत सापडला. मुंगासेच्या गाण्यात चोरांचा आणि खोक्यांचा उल्लेख होता, नाव कुणाचेच नव्हते. नाव नसलेल्या गाण्यात कुणाला तरी स्वतःचे नाव ऐकू आले आणि तो फिर्याद घेऊन पोलीस ठाण्यात गेला. गाण्याचा अर्थ लावण्याचा असा प्रामाणिक नमुना दुसरा सापडणार नाही!

या सगळ्या प्रकरणांत एकच युक्ती दिसते. गाण्यातली एक ओळ उचलायची. ती कोण म्हणतो आहे, ते पुसून टाकायचे. कुणाला म्हणतो आहे, तेही पुसून टाकायचे. कोणत्या प्रसंगी म्हटले, ते विसरायचे. मग उरलेला एकटा शब्द हातात धरून, पाहा, यात आग आहे, असे म्हणायचे. अशी वाचनपद्धती लावली तर अंगाईगीतसुद्धा गुन्हा ठरेल. न्यायव्यवस्थेने प्रत्येक वेळी ती मान्य केली आहे असेही नाही. कबीर कला मंचाशी संबंधित काही जणांना जानेवारी २०१३ मध्ये जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी समाजातील विषमतेवर बोलणे आणि बंदी असलेल्या संघटनेचे सक्रिय सदस्य असणे यात फरक केला होता. पण न्यायालयाने फरक करेपर्यंत माणसाची उमेदीची वर्षे जातात. म्हणून गाणे ठाण्यात पोहोचण्यापूर्वी समाजाने त्याचा अर्थ मांडून ठेवला पाहिजे. उद्या एखाद्या खेड्यातल्या शाहिरावर बालंट आले तर, हे गाणे आम्ही वीस वर्षांपासून ऐकतो, त्याचा अर्थ असा आहे, असे सांगणारी शंभर माणसे उभी राहिली पाहिजेत. ती आज आहेत काय?

अर्थ कसा लावावा, असा प्रश्न कुणी विचारील. त्याला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. पाटीपुऱ्याच्या मायने जे केले तेच करायचे. तीन प्रश्न विचारायचे. कोण बोलतो आहे? कुणाशी बोलतो आहे? आणि कशासाठी बोलतो आहे?

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. त्यांत बाबासाहेब भाऊ म्हणून येतात, घरी येणारे पाहुणे म्हणून येतात. आता पहिला प्रश्न विचारा. कोण बोलते आहे? पहाटे उठून दळणारी बाई. तिच्या जगात भाऊ म्हणजे काय? सासरी गांजलेल्या बाईचा एकमेव हक्काचा आधार, तिची बाजू घेऊन बोलणारा माणूस. तिने बाबासाहेबांना भाऊ म्हटले म्हणजे हिंदू कोड बिलाचा अर्थ तिने तिच्या भाषेत सांगितला. ज्याला हे कळत नाही तो ती ओवी भाबडी म्हणून बाजूला सारतो.

रॅपचेही तसेच. आपली जुनी मंडळी म्हणतात, ही पोरे शिव्या देतात, हे कसले भीमगीत? त्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी बाईचाच अपमान करते, ती भीमाच्या नावाने दिली म्हणून पवित्र होत नाही. पोरांना हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण शिवीच्या पलीकडे पोरगा काय म्हणतो आहे तेही ऐकायला नको काय? वसतिगृह, शिष्यवृत्ती, भरतीची वाट पाहण्यात गेलेली वर्षे, आडनाव ऐकून बदलणारा समोरच्याचा चेहरा, हे सारे त्याच्या गाण्यात असते. आपण पहिल्या शब्दाला कान झाकतो आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचतच नाही. पोलीस एक ओळ उचलतात, आपणही एकच ओळ उचलतो. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

तामिळनाडूत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ साली 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायकांचा जथा उभा राहिला. त्यातीलच कवी अरिवू याचे 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे २०२१ साली आले आणि जगभर गाजले. लग्नांत वाजले, लहान पोरे त्यावर नाचली. पण ते गाणे होते अरिवूच्या आजीच्या पिढीचे, परक्या मुलखात चहाच्या मळ्यांत राबलेल्या आणि स्वतःच्या मालकीची वीतभर जमीन नसलेल्या माणसांचे. हे अरिवूने स्वतः पुन्हा पुन्हा सांगितले, म्हणून लोकांना कळले. नाचणारे लाखो, आणि अर्थ एका आजीच्या आयुष्यात दडलेला! यवतमाळच्या ओट्यावरची माय आणि तामिळनाडूची ती आजी, दोघींची गोष्ट एकच आहे.

अर्थ लावण्याचे काम सुरू केले की ते आपल्यालाही सोडणार नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. दुसऱ्याने केलेला विपर्यास दाखवणे सोपे असते, स्वतःच्या गाण्याला प्रश्न विचारणे अवघड असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आता अलीकडची डीजेवरची काही गाणी ऐका. त्यांत बाबासाहेब अवतार होतात, नवसाला पावतात, त्यांच्या नावाचा दरारा सांगितला जातो, पण त्यांचा एकही विचार सांगितला जात नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने अवतार सांगणाऱ्या गाण्यावर नाचावे, याला काय म्हणायचे?

माता रमाईवरची गाणी हा तसाच विषय आहे. २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. त्यांच्यावरील बहुतेक गाण्यांत उपास आहेत, शेणाच्या गोवऱ्या आहेत, फाटके लुगडे आहेत, लेकरांचे मरण आहे. हे सगळे खरे आहे आणि ऐकताना डोळे भरून येतात. पण बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण करताना काय लिहिले? त्यांच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मनाचा उमदेपणा आणि संकटातले शांत धैर्य यांचा गौरव केला. बाबासाहेबांनी रमाईंचे मन पाहिले, आपल्या गाण्यांनी बहुधा त्यांची भूकच पाहिली. असा प्रश्न आपण विचारला तर उद्याचा कवी रमाईचे वेगळे गाणे लिहील. टीका म्हणजे अपमान नव्हे, टीका म्हणजे पुढच्या गाण्याची मशागत आहे.

काही बांधव म्हणतील, हे सारे विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे काम आहे, विहारात गाण्याची चर्चा कशाला? त्यांना धम्माची आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्या तिपिटकात थेरीगाथा आहे. ती भिक्खुणींची गाणीच आहेत. त्यात पुण्णा नावाची पाणी भरणारी दासी आहे. थंडीत कुडकुडत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक आणि कासवे सगळी स्वर्गातच जायला हवीत! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दासीचा हा सवाल आपल्यापर्यंत पोहोचला कसा? नुसत्या गाथा पाठ केल्याने नव्हे. प्रत्येक गाथा कोणी म्हटली, कुठे म्हटली, कोणत्या प्रसंगी म्हटली, हे सांगणारी अट्ठकथा परंपरेने सांभाळली. अट्ठ म्हणजे अर्थ. धम्मपदाची अट्ठकथाही गाथेमागचा प्रसंग सांगते. म्हणजे गाण्याचा अर्थ लावून तो पुढच्या पिढीच्या हाती देणे हे बौद्धांचे जुने काम आहे. वामनदादांच्या गाण्यांची अट्ठकथा कुठे आहे? नागोराव पाटणकरांच्या कव्वालीची कुठे आहे? दीक्षाभूमीवरच कार्यक्रमात असताना २६ नोव्हेंबर २०१० रोजी ज्यांनी प्राण सोडला त्या विठ्ठल उमपांच्या गायनाची कुठे आहे? ती आहे, पण म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसे एकेक करून निघून चालली आहेत.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांतील विहारांपुढे एक साधी सूचना ठेवतो. वर्षावासात आपल्याकडे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होतेच. त्या वाचनानंतर आठवड्यातून एक दिवस, फक्त अर्धा तास, एक गाणे घ्यावे. आधी ते डीजेशिवाय, नुसत्या तोंडाने म्हणावे. मग त्याचे शब्द फळ्यावर लिहावेत. न कळलेला शब्द पोरांनी विचारावा, म्हातारीने सांगावा. हे गाणे पहिल्यांदा कुठे ऐकले, तेव्हा गावात काय चालले होते, ते ज्याला आठवते त्याने सांगावे. एका पोराने ते वहीत उतरवावे, कवीचे नाव आणि गाव विसरू नये. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या रॅप करणाऱ्या पोराला बोलवावे, त्याचे गाणे ऐकावे आणि त्यालाही तेच तीन प्रश्न विचारावेत. त्याला राग आला तरी चालेल, कारण आपले शब्द कुणीतरी नीट ऐकले, हे त्याला पहिल्यांदाच कळेल. एका पावसाळ्यात बारा गाणी झाली तरी दहा विहारांच्या दहा वह्या होतील. त्या वह्या हीच आपली अट्ठकथा. तिला ना अनुदान लागते, ना सभागृह.

आणि जयंती? नाचू नका असे मी म्हणणार नाही. ज्या समाजाला गावाच्या रस्त्यावरून ताठ मानेने चालता येत नव्हते त्या समाजाची पोरे त्याच रस्त्यावर नाचतात, यातही एक अर्थ आहे आणि तो लहान नाही. फक्त मिरवणुकीत एकदा, एखाद्या चौकात, पाच मिनिटे आवाज बंद करा. माईक त्या ओट्यावरच्या मायच्या हाती द्या. तिने वामनदादांचे ते गाणे आपल्या थरथरत्या आवाजात म्हणावे आणि हजारो पोरांनी ऐकावे. मग पुन्हा लावा डीजे, खुशाल नाचा. त्यानंतर जे नाचतील त्यांना ठाऊक असेल की आपण नाचता नाचता हिस्सा मागतो आहोत.

मागणी काय आहे हे ज्याला माहीत असते, त्याच्याच गाण्याची व्यवस्थेला भीती वाटते. ज्याला माहीत नसते, त्याचे गाणे ती स्वतःच मोठ्या आवाजात लावून देते.

जय भीम!